डॉक्टर, किती टक्के खात्री?

कॅन्सरचे निदान झाले की रुग्णाच्या घरून डॉक्टरांना पहिला प्रश्न बहुधा हाच येतो : "डॉक्टर, किती टक्के खात्री?" प्रश्न रास्त आहे. उपचारासाठी पुण्या-मुंबईच्या खेपा घालाव्या लागतात, कोणी जनावर विकतो, कोणी सोसायटीचे कर्ज काढतो, कोणी मुलीचे लग्न पुढे ढकलतो. एवढे करून हाती काय लागणार, हे माणसाला कळायलाच हवे.

समजा, डॉक्टरांनी उत्तर दिले, "साठ टक्के." बाहेर व्हरांड्यात चार नातेवाईक उभे आहेत. पहिला समजतो, माणूस साठ टक्के बरा होणार आणि चाळीस टक्के आजार अंगात राहणार. दुसऱ्याला साठ टक्के म्हणजे परीक्षेतला फर्स्ट क्लास वाटतो, तो निर्धास्त होतो. तिसरा म्हणतो, डॉक्टरांनाच पुरती खात्री नाही, आपण दुसरीकडे जाऊ. चौथा काहीच बोलत नाही, पण चाळीस हा आकडा घेऊन घरी जातो आणि रात्रभर जागा राहतो. आकडा एक, अर्थ चार. आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो आत खाटेवर पडून आहे; त्याला कोणी काहीच सांगितलेले नाही.

कॅन्सरवरील औषधांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत मोठी प्रगती झाली. मात्र त्या औषधांनी काय साधेल आणि काय साधणार नाही, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगण्याची कला त्या वेगाने वाढलेली नाही. आजच्या लेखात त्याविषयी.

टक्के माणसाचे नसतात, शंभर माणसांचे असतात

डॉक्टर साठ टक्के म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ असा : याच प्रकारचा, याच अवस्थेतील कॅन्सर असलेल्या शंभर रुग्णांना हे उपचार दिले, तर त्यांतील सुमारे साठ जण ठरावीक मुदतीनंतर हयात असतात. आपला रुग्ण त्या साठांत असेल की उरलेल्या चाळिसांत, हे त्या आकड्यातून कळत नाही. हवामान खात्याचा पावसाचा अंदाज जिल्ह्याचा असतो. अमुक गट नंबरात पाऊस पडेल की नाही, हे तो सांगत नाही. तसेच हे.

ही मुदत बहुधा पाच वर्षांची धरतात. इथे दुसरा घोटाळा होतो. "पाच वर्षांचे प्रमाण" हे शब्द कानावर पडताच अनेक जण समजतात की रुग्णाला पाचच वर्षे उरली. अर्थ तसा मुळीच नाही. पाच वर्षे हा मोजणीचा एक टप्पा आहे. बऱ्याच कॅन्सरमध्ये रोग उलटायचा असेल तर तो पहिल्या काही वर्षांतच उलटतो, म्हणून हा टप्पा धरला गेला. तो ओलांडून पुढे पंधरा-वीस वर्षे सुखाने जगणारे कितीतरी रुग्ण आहेत. काही कॅन्सर, उदाहरणार्थ स्तनांच्या कॅन्सरचे काही प्रकार, पाच वर्षांनंतरही उलटू शकतात. म्हणून तपासण्या पुढेही चालू ठेवाव्या लागतात.

"सरासरी आठ महिने" असे कोणी सांगितले तर त्याचाही अर्थ नीट विचारून घ्यावा. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला १९८२ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, पोटाच्या अस्तराचा एक दुर्मिळ कॅन्सर झाला. पुस्तकात आकडा होता आठ महिन्यांचा. गूल्ड स्वतः आकडेशास्त्र जाणणारे होते. त्यांनी ओळखले, की या आकड्याचा अर्थ एवढाच : निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात आणि निम्मे त्यानंतरही जगतात. या दुसऱ्या निम्म्यांतले काही जण तर फारच पुढे जातात. आपले वय कमी, रोग लवकर सापडला, उपचार चांगले. तेव्हा आपण त्या पुढच्या रांगेत असू शकतो, असा त्यांनी हिशेब केला. ते आणखी वीस वर्षे जगले. २००२ साली त्यांचा मृत्यू झाला तो दुसऱ्याच कॅन्सरने. प्रत्येकाच्या वाट्याला असे येईल असे नाही. पण आकडा कळणे आणि त्याचा अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानात यावे.

खर्ड्याच्या पलीकडचा धडा

या बाबतीत दूरदेशी पाहण्याची गरज नाही. आपल्या जामखेड तालुक्यातून खर्ड्याच्या पुढे गेले की भूम, परांडा आणि बार्शी हा मुलूख लागतो. या तीन तालुक्यांतील ३४६ खेड्यांत १९८७ साली कॅन्सरच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद सुरू झाली. ग्रामीण भागातील लोकसंख्येवर आधारलेली ही देशातील पहिली कॅन्सर नोंदणी. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने हे काम उभे राहिले. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. बी. एम. नेने यांची नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली आहेत.

शहरात नोंद घ्यायची तर इस्पितळांच्या वह्या तपासल्या की भागते. खेड्यातला रुग्ण इस्पितळात पोचतोच असे नाही. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांना गावोगाव फिरावे लागले. नोंद करता करता ते लोकांशी बोलू लागले. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर जाणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, तोंडातील न भरणारी जखम, स्तनातील न दुखणारी गाठ ही लक्षणे कशाची असू शकतात, हे त्यांनी साध्या बोलीत सांगितले. परिणाम असा झाला, की गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. १९९५ साली ही माहिती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. यात नवे औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. होते ते फक्त समजेल असे बोलणे.

मृत्यू निम्मे झाले, की हजारी एक वाचली?

पुढे १९९९ पासून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे गावांनुसार चार गट पाडण्यात आले. तीन गटांत गर्भाशयमुखाची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी एकेकदा तपासणी झाली. चौथ्या गटात नेहमीच्याच सोयी राहिल्या. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष बाहेर आले. ज्या गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी झाली होती त्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कॅन्सरने दगावल्या. तपासणी नसलेल्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ दगावल्या.

आता हाच निकाल दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक : "तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले." दुसरी : "हजार स्त्रियांमागे दोन मृत्यू होत होते, तिथे एक झाला." दोन्ही विधाने खरी आहेत. पण पहिले ऐकून वाटते केवढा चमत्कार, आणि दुसरे ऐकून वाटते एवढाच फायदा? औषध विकणारा पहिली भाषा वापरतो, नाउमेद करणारा दुसरी. प्रामाणिक डॉक्टरने दोन्ही सांगावीत, आणि रुग्णाने दोन्ही विचारावीत. "निम्म्याने धोका कमी होतो" असे कोणी म्हणाले, की लगेच विचारावे : "शंभरात किती होते, ते किती झाले?" शंभरात चाळिसावरून वीस होणे आणि शंभरात दोनावरून एक होणे, दोन्ही निम्मेच; पण कर्ज काढून घ्यायच्या औषधाच्या बाबतीत त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. धाराशिवच्या प्रयोगातील तपासणी एकदाच करायची होती, आणि हजारात एक म्हणजे लाखात सुमारे शंभर बायांचे प्राण. म्हणून ती मोलाची ठरली.

या संशोधकांनी "रुग्ण किती वर्षे जगले" हे न पाहता "किती दगावल्या" हे पाहिले, त्यालाही कारण आहे. नगरहून पुण्याला जाणाऱ्या एसटीत एक प्रवासी नगरला चढला, दुसरा शिरूरला. पहिल्याचा प्रवास लांबला, दुसऱ्याचा कमी. पण गाडी पुण्याला पोचायची ती एकाच वेळी. रोग आधी सापडला तर "सापडल्यापासूनची वर्षे" आपोआप जास्त भरतात; त्यावरून आयुष्य वाढले असे सिद्ध होत नाही. गाडी पुण्याला पोचलीच नाही, असे किती वेळा झाले हे मोजावे लागते. धाराशिवला ते मोजले गेले, म्हणून लवकर तपासणीचा लाभ खरा आहे हे ठामपणे म्हणता येते.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. या व अशाच आणखी काही प्रयोगांत, तपासणीविना ठेवलेल्या गटांतील स्त्रियांना पुरेशी माहिती देऊन संमती घेतली होती काय, यावर पुढे जाणकारांत बराच वाद झाला. संशोधकांनी आपली बाजू मांडली. वादाचा निवाडा काहीही असो, मुद्दा पुन्हा तोच येतो : समोरच्या बाईला काय सांगितले, आणि तिला काय समजले?

हेतू विचारा

कॅन्सरच्या कोणत्याही उपचाराचे तीन हेतू असू शकतात. पहिला, रोग समूळ घालवून रुग्ण पूर्ण बरा करणे. दुसरा, रोग जाणार नाही, पण तो आटोक्यात ठेवून आयुष्य वाढवणे. तिसरा, वेदना, रक्तस्राव, दम लागणे यांसारखा त्रास कमी करणे. केमोथेरपीची सलाइन तिन्ही वेळा सारखीच दिसते. शेकाचे यंत्रही तेच असते. म्हणून घरच्यांचा समज होतो, की उपचार चालू आहेत म्हणजे माणूस बरा होणार. डॉक्टरही गर्दीत "ट्रीटमेंट सुरू करू" एवढेच म्हणतात. तेव्हा रुग्णाने सरळ विचारावे : "डॉक्टरसाहेब, या तीनपैकी आपण कशासाठी उपचार करतो आहोत?" या एका प्रश्नाने अर्धा गैरसमज टळतो.

तिसऱ्या प्रकाराला कमी लेखू नये. "आता काही करता येण्यासारखे नाही, घरी घेऊन जा," हे वाक्य कॅन्सरच्या बाबतीत चूक आहे. रोग बरा होणार नसेल तेव्हाही वेदना पुष्कळ अंशी आटोक्यात आणता येतात. मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर व्यसन लागण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्यासाठीचा कायदाही २०१४ साली सोपा करण्यात आला आहे. कण्हत मरणे हे कोणाच्याही नशिबी नसावे.

फसवे शब्द

दवाखान्यातले काही शब्द आपल्या बोलीत उलटा अर्थ घेऊन येतात. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला" म्हटले की कित्येकांना आनंद होतो. पॉझिटिव्ह म्हणजे चांगले ना! तुकडा तपासताना पॉझिटिव्ह म्हणजे रोग सापडला. उलट शस्त्रक्रियेनंतर "कडा निगेटिव्ह" म्हणजे कापलेल्या भागाच्या कडेला रोग उरलेला नाही; ही चांगली बातमी.

"स्टेज" म्हणजे रोग कुठवर पसरला, आणि "ग्रेड" म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात. तिसऱ्या ग्रेडचा रोग पहिल्या स्टेजमध्येही असू शकतो. तीन हा आकडा कागदावर दिसला म्हणून धीर सोडू नये.

"रिस्पॉन्स चांगला आहे" म्हणजे गाठ लहान झाली. रोग गेला असे नव्हे. इथेच घात होतो. दोन-तीन केमोनंतर गाठ हाताला लागेनाशी होते, रुग्णाला बरे वाटते, ऊसतोडीचा किंवा पेरणीचा हंगाम येतो, आणि पुढचे डोस राहून जातात. सहा महिन्यांनी रोग पुन्हा डोके वर काढतो तेव्हा तो अधिक चिवट झालेला असतो. पहिल्याच दिवशी "गाठ गेली तरी सगळे डोस पुरे करायचे, आणि ते का," हे नीट सांगितले तर असे पुष्कळ रुग्ण वाचतील.

आणि "तुकडा काढला की रोग पसरतो" हा समज तर गावोगाव आहे. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सरचा प्रकार कळत नाही आणि प्रकार कळल्याशिवाय उपचार ठरत नाहीत. रोग पसरतो तो प्रामुख्याने तपासणी टाळून घालवलेल्या महिन्यांत.

"आबांना सांगू नका"

थोरला मुलगा डॉक्टरांना बाजूला घेतो आणि म्हणतो, "आबांना काही सांगू नका, ते खचतील." त्यामागे माया असते, हे कोणीही मान्य करील. पण आबा दुधखुळे नसतात. कॅन्सरच्या इस्पितळाची पाटी ते वाचतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलतात. घरात आपण आलो की बोलणे थांबते, हे त्यांना दिसते. मग एकाच छपराखाली दोन्हीकडून नाटक सुरू होते : मुले बापाला फसवतात आणि बाप मुलांना. शेताची वाटणी, कोणाचे देणे-घेणे, धाकटीचे लग्न, शेवटची पंढरीची वारी, जे बोलायचे आणि करायचे ते राहून जाते.

आईच्या बाबतीत तर विचारायलाच नको. तिची गर्भपिशवी काढायचा निर्णय घरातले पुरुष घेतात आणि अंगठा तेवढा तिचा घेतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निकाल दिला. शुद्धीवर असलेल्या, समजत्या वयाच्या रुग्णाची संमती ही त्याची स्वतःचीच लागते. तातडीचा जीवघेणा प्रसंग नसेल तर आईची परवानगीही तिची जागा घेऊ शकत नाही. उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती दिल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. डॉक्टरांच्या २००२ सालच्या आचारसंहितेतही आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे म्हटले आहे.

याचा अर्थ, दारातच "तुम्हाला कॅन्सर आहे" असे ओरडून सांगावे असा नाही. वाईट बातमी सांगण्याची एक रीत आहे. २००० साली वॉल्टर बेली, रॉबर्ट बकमन आदी डॉक्टरांनी तिच्या सहा पायऱ्या मांडल्या आणि त्या जगभर शिकवल्या जातात. निवांत जागी बसावे. रुग्णाला काय ठाऊक आहे ते आधी विचारावे. त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारावे. मग थोडे थोडे, सोप्या शब्दांत सांगावे. त्याला रडू आले, राग आला तर थांबावे. शेवटी, पुढे काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवावे. "मला सगळे सांगू नका, माझ्या मुलाशी बोला," असे आबा स्वतःच म्हणाले तर तोही त्यांचा हक्क आहे. मात्र ते आबांनी म्हणावे, मुलाने नव्हे.

जामखेडची शिकवण

"खेड्यातल्या माणसाला हे समजणार नाही," अशी सबब काही जण देतात. तिला उत्तर आपल्याच जिल्ह्याने दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. शाळेची पायरीही न चढलेल्या गावच्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांचे ज्ञान या बायांनी घरोघर पोचवले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे ज्ञान निरक्षर बाई शिकू शकते आणि शिकवू शकते, ते रुग्णाला समजणार नाही हे कसे मानावे? समजत नाही तेव्हा दोष बहुधा सांगणाऱ्याच्या भाषेचा असतो.

डॉक्टरांसाठी एक साधी युक्ती. "समजले का?" असे विचारले तर रुग्ण भिडेपोटी "हो" म्हणतो. त्याऐवजी म्हणावे, "घरी गेल्यावर आईंना काय सांगाल, ते मला एकदा सांगून दाखवा." दोन मिनिटांत कळते, काय पोचले आणि काय राहिले.

रुग्णाने विचारायचे प्रश्न

नगर असो, लोणी, बार्शी, पुणे, संभाजीनगर की मुंबईचे टाटा रुग्णालय, कुठेही जाताना हे प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि उत्तरे तिथेच लिहून घ्यावीत.

१. माझ्या आजाराचे नाव काय, तो कोणत्या अवयवातला, कोणत्या स्टेजचा?
२. उपचाराचा हेतू काय : पूर्ण बरे करणे, आटोक्यात ठेवणे की त्रास कमी करणे?
३. माझ्यासारख्या शंभर रुग्णांपैकी उपचार घेऊन किती जण पाच वर्षांनी चांगले असतात, आणि न घेता किती?
४. त्रास कोणते होतील? त्यांतले तात्पुरते कोणते, कायमचे कोणते? ताप आला तर कोणाला फोन करायचा?
५. एकूण खेपा किती, खर्च किती? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का?
६. आठवडाभर विचार करून किंवा दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊन आलो तर नुकसान होईल का?

सोबत एक माणूस न्यावा, जो ऐकेल आणि लिहील. दहा माणसांची गर्दी नेऊ नये. सगळे रिपोर्ट एका पिशवीत तारखेनुसार लावून ठेवावेत. आपल्या उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्यावे.

ज्यांना आज काही त्रास नाही त्यांनीही एक गोष्ट करावी. तिशीपुढील स्त्री-पुरुषांची तोंडाची, आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य करण्याचा कार्यक्रम आहे. गावच्या आशाताईंना विचारले की दिवस कळतो. तंबाखू आणि मिश्री सोडण्यासाठी तर तेवढीही वाट पाहायला नको.

कॅन्सर म्हणजे लगेच मरण नव्हे आणि प्रत्येक कॅन्सर बराही होत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये आपला रुग्ण नेमका कुठे आहे, हे त्याला त्याच्या भाषेत सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे. त्याला औषधाची चिठ्ठी लागत नाही. दोन खुर्च्या आणि दहा मिनिटे लागतात.